पेटाऱ्याशेजारची शाळा

(दृश्य: जत्रेची रात्र, देवळामागची खोली)

रात्रीचे साडेअकरा. पेटाऱ्याशेजारी बसलेला हा माणूस हातातल्या छोट्या आरशात बघत स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतोय. तासाभरात तो राजा होईल. या राजाने काय बोलायचं, ते कुठेही लिहिलेलं नाही. आख्यान कुठलं, कोणाचा राजपार्ट, कोणाचा स्त्रीपार्ट, एवढंच संध्याकाळी ठरलंय. संवाद समोरच्या बाकड्यावर बसून, पखवाजाच्या थापेबरोबर सुचायचे. दशावतार, कोकणातलं हे लोकनाट्य, असाच चालत आलाय. बोलण्याची एवढी जुनी शाळा आपल्या दारात आहे, तिच्याकडे शाळा म्हणून फार कमी जण बघतात.

(दृश्य: मे महिना, खळ्यात वाळत घातलेली सोलं)

तोच माणूस, चार महिन्यांनी. अंगात साधा सदरा. गावातले सगळे त्याला काका म्हणतात. आज तो आलाय बचत गटाच्या बायकांना बोलायला शिकवायला. बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांना आपला उद्योग मांडायचाय. वेळ पाच मिनिटं.

त्याआधी हे काम बघू या. पिकलेले रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया आणि गर बाजूला काढायचा, सालं उन्हात टाकायची. गराला मीठ लावून जो रस सुटतो, त्यात ही वाळलेली सालं बुडवायची. परत ऊन. परत रस, परत ऊन. लाल साल दिवसागणिक काळं पडत जातं, बोटांना चिकटायला लागतं. हे आमसूल. बियासुद्धा वाया जात नाहीत, त्यांच्या घट्ट तेलाचं मुठेल होतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या चवीमुळे, या हातांमुळे.

खळ्यात उभ्या असलेल्या या वहिनींनी हे सगळं आम्हाला वीस मिनिटं सांगितलं. एकदाही अडखळल्या नाहीत.

(दृश्य: समाजमंदिर, पहिली तालीम)

आणि या त्याच वहिनी. हातात कागद. "सदर गटाची स्थापना..." आवाज पहिल्याच ओळीत खाली गेला. नजर कागदातून वर येत नाही. मागे भिंतीवर प्रोजेक्टरच्या चौदा स्लाइड, प्रत्येकीवर गच्च मजकूर. वाचून झालं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माका बोलूक जमणा नाय."

आमचं ठाम म्हणणं आहे, दोष त्यांच्या बोलण्यात नाही. परक्या, सरकारी मराठीत लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला गेला, तिथे चूक झाली.

काकांनी तो कागद काढून घेतला. त्या जागी दोन आमसुलं ठेवली. एक नीट वाळलेलं. दुसरं वळवाच्या पावसात सापडून बुरशी धरलेलं. मग वहिनींना दाराबाहेर नेऊन पुन्हा आत यायला लावलं. आत यायचं, उभं राहायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास घ्यायचा. दशावतारात पायपेटीचा सूर लागेपर्यंत राजा तोंड उघडत नाही, तसं. वहिनी तरीही घाईने सुरू झाल्या. काका हसले.

"वैनी, घाय कित्याक? माणसां खंय जातली?"

पाचव्या वेळी त्या थांबल्या. शेवटच्या खुर्चीपर्यंत नजर फिरवली. खराब आमसूल वर धरलं आणि म्हणाल्या, "रतांबो पिकता आणि पाऊस येता. म्हणान माका ड्रायर होयो."

एका दमात गरज, कारण आणि मागणी. स्थापनेचं वर्ष कोणी विचारलं तर सांगायचं.

नंतरचा खेळ काकांच्या आवडीचा. ते खलपार्टी, म्हणजे नाटकातले दुष्ट, झाले, उलटे प्रश्न विचारू लागले. पैसे कसे फेडणार? पावसाळ्यात ड्रायर बंद पडेल, तेव्हा? सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. हे आकडे पाठ करायचे नाहीत, असं काका बजावतात. शंभर रुपयांच्या ड्रायरमागे आपले दहा, असं सांगायचं. दुपारभर सवाल-जवाब चालले. स्लाइड उरल्या तीन: खळं, बुरशी, हिशोब.

वेंगुर्ल्यात १९२२ मध्ये जन्मलेले, वक्तृत्वासाठी नावाजलेले बॅरिस्टर नाथ पै याच किनाऱ्याचे. १९५७ पासून त्यांनी राजापूरकरांचं म्हणणं लोकसभेत मांडलं. त्यांचा वारसा सांगताना इथली माणसं आजही ताठ बसतात.

(दृश्य: बँकेबाहेर, वहिनी पायऱ्या उतरताना)

बैठक झाली, प्रस्ताव मंजुरीसाठी पुढे गेला.

(दृश्य: समाजमंदिर, दुसरा दिवस)

आज काजूवाल्या आल्यात. पहिलीने पिशवीतून चार पानं काढली, चष्मा लावला. समोर काका उभे आहेत. त्यांनी हात पुढे केलाय.