घुमट घेऊन घरी
(घुमट या गोव्यातल्या वाद्यावरच्या लघुमाहितीपटाचे निवेदन)

[फिरतं चाक, ओली माती. जवळून फक्त कुंभाराचे हात.]

या भांड्याला बूड नाही. त्यामुळेच ते घडवणं अवघड. मडकं वर चढवताना कुंभाराला तळाचा आधार असतो. इथं मात्र काम संपता संपता तो आधारच दोऱ्यानं कापून काढायचा. एका बाजूला रुंद तोंड राहतं, दुसऱ्या बाजूला अरुंद गळा आणि मधे फुगीर पोट.

आता रुंद तोंडाची कड बघा. कुंभारमामा बोटाच्या पेरानं तिला हळूच बाहेर वळवताहेत. या कडेला ते ओठ म्हणतात. कातडं ताणून बांधलं की सगळी ओढ या ओठावर येते. तो पातळ राहिला तर तडकतो, फार जाड झाला तर दोरी बसत नाही. मामा मोजपट्टी वापरत नाहीत. अंगठा फिरवतात आणि हात उचलतात.

[चाक थांबतं. सावलीत ओळीनं वाळत ठेवलेली भांडी.]

हे घुमट. गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आरतीला वाजतं, शिगम्याला, म्हणजे होळीच्या दिवसांतल्या उत्सवाला वाजतं आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात मांडो या कोंकणी गाण्याच्या साथीलाही वाजतं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मान मिळाला याचा आनंद आहेच. पण वाद्य जगतं ते वाजवणाऱ्यांच्या घरात, आणि ही फिल्म अशाच काही घरांची आहे.

[कुळागर. पोफळींच्या रांगा, पाटाचं पाणी, मुलांच्या चपलांचा ढीग.]

सांगे तालुका. साळावलीच्या धरणापासून फार लांब नसलेलं एक कुळागर. पोफळी, त्यांवर चढलेल्या मिरीच्या वेली, मधे केळी, आणि खाली दगडी पाटातून वाहणारं पाणी. मे महिन्यात इथं मुलांचं उन्हाळी शिबिर भरतं. शिबिराच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी मुलांची घरची माणसं येतात. आईवडील, आजी, मामा, आत्या, शेजारीपाजारी, शाळेतले मित्र. कुणी पणजीहून, कुणी म्हापशाहून, कुणी मडगावहून, तर कुणी पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीहून. येणाऱ्यानं काहीतरी वाजवायचं किंवा गायचं, एवढीच अट. नुसतं ऐकायला आलेल्या माणसाच्या हातात झांज दिली जाते.

[शनिवार, सकाळ. पाण्यात भिजणारं कातडं.]

भांडी भाजून आधीच आली आहेत. डिचोलीहून, पेंढ्यात गुंडाळून. आज त्यांवर कातडं चढवायचं आहे, आणि हे काम मुलं आपल्या घरच्या माणसांना सोबत घेऊन करणार आहेत.

कातडं बकऱ्याचं आहे, कोवळ्या जनावराचं, पातळ. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं गुन्हा आहे आणि तिचं कातडं बाळगणंही गुन्हा आहे. त्या कातड्याचा आवाज वेगळा होता, असं जुने वादक सांगतात. ते ज्या प्रेमानं सांगतात ते ऐकून घ्यावं. तरी एका घुमटासाठी रानातली घोरपड मरावी हे आता चालणार नाही, आणि चालूही नये. बकऱ्याचं कातडं खाटकाकडे तसंही असतंच. शिबिरातलं प्रत्येक घुमट बकऱ्याच्या कातड्याचं आहे.

[कातडं पाण्यातून बाहेर. एक मुलगी आणि तिचे आजोबा.]

रात्रभर भिजलेलं कातडं हाताला बुळबुळीत लागतं. पहिल्यांदा हात लावताना मुलं तोंडं वाकडी करतात. मग कुणीतरी ते उन्हाकडे धरतं आणि त्यातून उजेड आरपार येताना दिसतो. उरलेले केस बोथट पात्यानं खरवडून काढायचे. पातं तिरकं धरायचं. सरळ धरलं तर कातड्याला चीर जाते, आणि चीर गेली की ते कातडं बाद.

[भांड्यावर कातडं पसरलं जातं.]

आता चार हातांचं काम. एकानं भांडं मांडीत घट्ट धरायचं. दुसऱ्यानं कातडं तोंडावर पसरून समोरासमोरच्या बाजू एकाच वेळी ओढायच्या. आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम, मग मधल्या दिशा. शिबिराचे सर दिशांची नावं घेऊनच शिकवतात आणि मुलांना तसंच लक्षात राहतं. एका बाजूला ओढ जास्त झाली तर वाळल्यावर आवाज तिकडे कोरडा येतो. ओठाखाली दोरीचा पहिला वेढा सैल, दुसरा घट्ट, तिसरा त्याहून घट्ट. प्रत्येक वेढ्यानंतर थांबून कातडं पुन्हा सगळीकडून खेचायचं.

[जवळून: दोरी, बोटं, गाठ.]

या आजोबांनी लहानपणी घुमट वाजवलं होतं, बांधलं कधीच नव्हतं. त्यांच्या घरी बांधलेलं घुमट माळ्यावर असायचं आणि चवथीच्या आदल्या दिवशी खाली यायचं. इथं नातीनं त्यांना गाठ कशी मारायची ते दाखवलं.

[निवेदन थांबवावं. मूळ आवाज: आजोबा आणि नात. गाठ बसेपर्यंत चित्र न कापता ठेवावं.]

[अंगणात सुपांवर वाळत ठेवलेली घुमटं.]

बांधून झालं की आधी सावली, मग ऊन. घाईनं कडक उन्हात ठेवलं तर कातडं एकदम आखडतं. दुपारपर्यंत सुपं हळूहळू अंगणाच्या मधोमध सरकत जातात. दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन टिचकी मारून बघतं. सकाळी टिचकीला आवाजच नव्हता. दुपारी जेवायच्या वेळेला बारीक टण् येतो. चार वाजता सर एक घुमट उचलतात, गळ्यात अडकवतात आणि उजव्या तळव्याची पहिली थाप देतात.

[थाप. आवाज पूर्ण विरेपर्यंत निवेदन नको.]

डावा हात कुठं आहे ते बघा. घुमटाचं दुसरं, अरुंद तोंड उघडं असतं. डावा तळवा तिथं झाकतो, उघडतो, अर्धा झाकतो, आणि त्याप्रमाणे आतला आवाज खोल जातो किंवा मोकळा होतो. उजवा हात बोल वाजवतो आणि डावा त्या बोलांना वळण देतो. पहिले काही दिवस मुलं उजव्या हातावरच लक्ष ठेवतात. डाव्या हाताकडे ज्याचं लक्ष गेलं, त्याचं घुमट बोलायला लागलं असं समजायचं.

[संध्याकाळ. माटवाखाली चटया. कंदील, पिवळे दिवे.]

शनिवारची रात्र. शेणानं सारवलेलं अंगण, वर झावळ्यांचा माटव. जेवण लवकर उरकलं आहे. खतखतं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, शेवटी मानकुराद आंबे. माईक लावलेला नाही. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं त्या नियमाची अंमलबजावणी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी करत आली आहेत. इथं तो प्रश्न येत नाही. अंगणात जितकी माणसं मावतात, तितक्यांना घुमट पुरेसं ऐकू येतं. आम्हाला गोव्याची रात्र अशी आवडते आणि ती लोकांनी पाहावी असं मनापासून वाटतं.

[आरती. घुमटं, शामेळ, कासाळं.]

सुरुवात आरतीनं. गोव्यातल्या घुमट आरतीचे शब्द मराठी. घरात कोंकणी बोलणारी माणसंही आरती मराठीतच म्हणतात, आणि ती पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ असते. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. बारीक काठ्यांनी वाजतं ते शामेळ. काशाच्या जाड टाळांसारखं आहे ते कासाळं. लय संथ सुरू होते आणि दर कडव्याला थोडी चढते. किती चढवायची ते ठरवणारा तो मधला निळ्या शर्टातला मुलगा. त्याच्याकडे मोठी माणसं कशी बघताहेत ते बघा.

[व्हायोलिन घेतलेले गृहस्थ, शेजारी त्यांची मुलगी घुमट घेऊन.]

हे कुटुंब सासष्टीतलं आहे. मुलगी शिबिराला होती, बाकीचे आज आले. मांडो हा एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या मोठ्या घरांमधून घडलेला गायनप्रकार. शब्द कोंकणी, सुरावटीवर पाश्चात्य संगीताची छाया, साथीला व्हायोलिन आणि घुमट. चाल अगदी सावकाश, विरहाची. मांडो संपला की पाठोपाठ दुलपद येतं. त्यात ठेका धावू लागतो आणि बसलेली माणसं उठतात.

थोड्या वेळापूर्वी आरतीला वाजलेलं हेच घुमट. देवघरातलं वाद्य आणि दिवाणखान्यातलं वाद्य एकच आहे, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. गोव्याबाहेरच्या प्रेक्षकांसाठी मात्र आम्ही हे दृश्य जरा जास्त वेळ ठेवलं आहे.

[दुलपद पूर्ण वाजू द्यावं. निवेदन नाही.]

[एक आजी. हातात काही नाही.]

या आजींना झांज नको होती. त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. जातं नसतानाही त्यांचा उजवा हात गोल फिरत राहिला.

[आजींचा चेहरा, शेवटच्या ओवीपर्यंत.]

[रविवार, पहाट. आकाशातून: कोरडा तलाव, घरांचे चौथरे.]

रविवारी सकाळी सगळे कुर्डीला निघाले. हे गाव वर्षातला बराच काळ साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की उन्हाळ्याच्या शेवटी ते वर येतं. वरून दिसताहेत ते घरांचे चौथरे. तो सरळ पट्टा म्हणजे जुना रस्ता. पायऱ्या कुठंच न नेता थांबतात, तिथं एकेकाळी दार होतं. पाण्यानं झिजलेल्या जांभ्या दगडाला सकाळच्या उन्हात हा रंग येतो.

याच गावात १९०४ साली गायिका मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. गावाचं नाव त्यांनी आडनावात घेतलं आणि ते जयपूर-अत्रौली घराण्यातून देशभर नेलं. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी तालीम घेतली. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. घरातून घरात गाणं कसं जातं, त्याचा याहून मोठा दाखला शोधायला नको. इथल्या महादेवाचं कदंबकालीन मंदिर धरणाच्या पाण्यात जाऊ नये म्हणून दगड दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभारलं गेलं.

[चौथऱ्यांमधून चालणारी माणसं.]

कुर्डीची माणसं १९८० च्या दशकात वाडें आणि वालकिणी इथं हलवली गेली. आज दक्षिण गोव्याच्या नळांना या धरणाचं पाणी आहे.

दर मे महिन्यात मूळ गावकरी इथं परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या सणासाठी जमतात. शिबिरातली दोन मुलं कुर्डीच्या घराण्यांतली आहेत. त्यांनी आपल्या पणजोबांच्या चौथऱ्यावर घुमट ठेवलं आणि वाजवलं.

[मूळ आवाज: उघड्या माळावर सुंवारी. सगळी घुमटं एकत्र. चित्र दूर जाऊ देऊ नये, हातांवरच ठेवावं.]

सुंवारी. संथ ठेक्यातून निघून ती हळूहळू दुप्पट होत जाते. शब्द नाहीत, नुसतं वादन. भिंती नसलेल्या गावात आवाज परतून येत नाही, म्हणून वादकांना एकमेकांच्या हातांकडे बघतच ठेका धरावा लागतो. शेवटच्या फेरीत आईवडीलही त्यात आले. ज्यांनी शनिवारी सकाळी पहिल्यांदा घुमट हातात धरलं होतं, तेही.

[गाड्यांची डिकी. घुमटं गोधडीत, टॉवेलात गुंडाळली जाताहेत.]

दुपारी निरोपाची घाई. सर प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगताहेत. काचेआडच्या उन्हात ठेवू नका. कातडं वर करून ठेवा, त्यावर पिशवी ठेवू नका. श्रावणात हवा दमट झाली की कातडं सैल पडेल, घाबरू नका. आरतीच्या आधी घटकाभर उन्हात धरा. ऊन नसेल तर निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेकवा. फाटलं तर फोन करा, पावसाळा संपल्यावर नवं चढवू. भांडं मात्र फुटू देऊ नका.

कुंभारमामांनी मागणी लिहून घेतली आहे. पावसात भांडी वाळत नाहीत, म्हणून नवी घुमटं ते आता दिवाळीनंतरच घडवायला घेतील. ज्यांना पुढच्या मे महिन्यात शिबिराला यायचं आहे, त्यांनी नाव त्याआधी कळवावं. सोबत घरचं एक मोठं माणूस हवं.