हेळव्याची वही आणि थुंकीची नळी

अध्यक्षमहाराज, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या मंडळींनो. पत्रिकेत विषय छापलाय ‘राष्ट्रीय राजकारण आणि जनुकीय वंशशास्त्र’. हे नाव माझं नाही. मी सचिवांना फोनवर एवढंच म्हणालो होतो, की हेळव्याविषयी बोलतो. ते म्हणाले, मास्तर, असल्या नावाला कोण येत नाही. आता त्या नावाला तुम्ही आलाय, तर चाळीस मिनिटांत दोन्ही बसवतो. राजाराम बंधाऱ्यावर सकाळी पंचगंगेचं पाणी ३६ फूट होतं. पुराचा इशारा ३९ ला. म्हणजे घाई नाही.

हेळवी तुम्हाला माहीत आहे. शहरात जन्मलेल्यांनी शेजारच्याला विचारावं. सुगी झाली की गावात यायचा, नंदीवर बसून. दारात उभा राहून तुमच्या बापापासून मूळपुरुषापर्यंत नावं म्हणायचा. कुठल्या गावातनं उठलात, कुठं वतन होतं, कुणी विहीर खणली. नवीन जन्मलेलं पोर वहीत चढवायचा आणि धान्य घेऊन जायचा. माझे वडील एरवी दोन पैशाला महाग माणूस, पण हेळवी आला की पायली भरून जोंधळा काढायचे. आई म्हणायची, ‘स्वतःच्याच बापाचं नाव ऐकायला एवढं?’

आमचा हेळवी गेल्या खेपेला मोटरसायकलवर आला. वहीची पानं मोबाईलमध्ये. लिखाण अर्धं कानडी, पण म्हणताना सूर तोच, आजोबांच्या वेळचा. नऊ पिढ्या म्हणून दाखवल्या. मी बत्तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलेला माणूस, मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढून काढून खडू संपवलेत. मी विचारलं, ‘नऊ बाप झाले, आया कुठायत?’ तो म्हणाला, ‘बायका त्यांच्या म्हायेरच्या वहीत असत्यात, मास्तर.’ म्हटलं, तिथं गेलो तर तिथला हेळवी म्हणणार, पोरगी दिली, आता त्यांच्या वहीत. ह्यावर तो हसला आणि चहा मागितला.

त्याच पानावर माझ्या पणजोबांच्या नावापुढं एक शब्द होता: दत्तक. गडहिंग्लजकडच्या एका घरातनं आणलेले. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. लपवाछपवी होती असंही नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आता नळी. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीला नातवाकडं गेलो. त्यानं वाढदिवसाला, पूर्वज कुठले ते सांगणाऱ्या डीएनए तपासणीची एक डबी आणून दिली. आत प्लास्टिकची नळी. तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं. अर्धा तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही. फेस मोजायचा नाही, म्हणजे खालचं पाणी रेघेला लागलं पाहिजे. मंडळी, आयुष्यभर भिंतीवरची ‘येथे थुंकू नये’ ही पाटी वाचत वाढलेला माणूस मी. थुंक म्हटल्यावर तोंड कोरडं पडलं. वीस मिनिटं खटपट. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, डोळे मिटा आणि मिसळ आठवा, कट वेगळा घेतलेली. पाच मिनिटांत नळी भरली. त्यामुळं माझ्या अहवालात जे काही आलंय, त्यात थोडा कोल्हापुरी कट आहे. (हशा)

सहा आठवड्यांनी अहवाल. ९७ टक्के दक्षिण आशिया. ह्यासाठी पैसे घेतात! बापाकडून आलेल्या वाय गुणसूत्राचा गट ‘एच’. नातू म्हणाला, आजोबा, हा भारतातला फार जुना गट. मी छाती फुगवली आणि लगेच आत घेतली, कारण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं, म्हणजे हा ‘एच’ माझ्या आडनावाचा नव्हेच. तो गडहिंग्लजच्या त्या घराचा. हेळव्याच्या वहीत मी एका घरातला आणि नळीत दुसऱ्या. वही दत्तक लिहिते आणि पुढं जाते. नळीला दत्तक कळत नाही.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण धाकट्या भावाच्या नातवाची जात पडताळणी निघाली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. (जात कुठली ते सांगत नाही. पहिल्या रांगेतले तिघं त्यावरच पैज लावून बसलेत.) वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. आमचं शुक्रवार पेठेतलं घर, २०१९ ला पाणी आत आलं, ट्रंक भिजली, आजोबांचा शाळेचा दाखला लगदा झाला. उरलं ते २०२१ च्या पाण्यानं नेलं. म्हणून वंशावळ मी लिहायला घेतली, आणि मास्तरकीची खोड, पणजोबांपुढं कंसात ‘दत्तक’ लिहिलं.

खिडकीतला माणूस वाचता वाचता थांबला. ‘दत्तकपत्र जोडा.’ म्हटलं, हे साधारण १८९० चं असणार. ‘मग जोडा की.’ म्हटलं, दोन पुरांतनं काय वाचतंय? तो म्हणाला, मग तुम्ही लिहिलं कशाला? ह्या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नाही. भाऊ आठवडाभर बोलला नाही. तीन चकरा झाल्या, चौथ्यांदा साहेब रजेवर, पाचव्यांदा सर्व्हर डाऊन. शेवटी गावच्या कोतवाल पुस्तकात, म्हणजे तो जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, त्यात आजोबांच्या जन्माची मोडीतली नोंद सापडली. मोडी वाचणाऱ्यानं पानाला पैसे घेतले. हल्ली त्यांना फार भाव आहे. २०२३ पासनं सरकारनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हापासून तर पोरांनी पन्नास वर्षांत न शिकलेली मोडी लोक महिन्यात शिकायला लागलेत. आरक्षणानं लिपी वाचवली, ह्याचं श्रेय कोण घेत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. अजून राष्ट्रीय राजकारणाचा र काढलेला नाही. बरं, पळतो.

राजकारणात डीएनए हा शब्द कसा आला बघा. २०१५ ला बिहारच्या प्रचारात पंतप्रधान नीतीशकुमारांच्या डीएनएविषयी बोलले. त्यावर नीतीशबाबूंच्या पक्षानं लोकांकडनं केस आणि नखं गोळा करून दिल्लीला पाठवायची मोहीम काढली. मला, मास्तर म्हणून, वाईट वाटलं. कापलेल्या केसाला मूळ नसेल तर त्यातनं बहुतेक आईकडचाच डीएनए हाती लागतो. भांडण बापजाद्यांचं आणि पाकिटात आजी. पुढं दोघं एकत्र आले, मग परत तुटले, परत एकत्र आले. त्या पाकिटांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

मग २०२१ ला सरसंघचालक म्हणाले, सगळ्या भारतीयांचा डीएनए एकच. काही जण खूश, काही जण नाराज, आणि दोन्ही बाजूंनी तपासलं कुणीच नाही. ज्यांनी तपासलं, ते हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेतले आणि हार्वर्डचे लोक. त्यांचे २००९ आणि २०१३ चे निबंध आहेत. मोठमोठे दोन प्राचीन गट, त्यांची सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात झाली, जवळजवळ सगळ्या जातिजमातींत तिचा अंश आहे. आणि मग दारं लागली. जातीतल्या जातीत लग्नं. म्हणजे आपण आधी मिसळलो आणि नंतर सोवळे झालो. ‘एकच’ म्हणणारा अर्धा बरोबर, ‘वेगळे’ म्हणणारा अर्धा बरोबर. असल्या उत्तराला सभेत टाळी पडत नाही, बघा, आत्ताही पडली नाही.

आणि ‘मी अमक्याचा वंशज’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. दहा पिढ्या मागं गेलं की कागदावर १०२४ पूर्वज. वहीत त्यातला एक. त्या १०२४ मधल्या जवळपास निम्म्यांचा एक तुकडासुद्धा तुमच्या अंगात उरलेला नसतो. जयंतीला मिरवणूक काढा, माझी ना नाही. डॉल्बी तेवढा हळू ठेवा.

एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. सगळ्या जातींची अशी पुरती मोजणी १९३१ नंतर आपल्यासमोर आलेलीच नाही. मोजावी, मी त्या बाजूचा आहे. पण ती माणसं सांगतील तशी मोजावी. नळी आणून कुणी दारात उभं राहिलं तर मिसळ आठवू नका. थुंकी तुम्ही देता आणि त्यात तुमचा भाचा, पुतण्या, न जन्मलेली पणती सगळी जातात. कॅलिफोर्नियात २०१८ ला चाळीस वर्षांपूर्वीचा खुनी सापडला तो असाच, लांबच्या नातेवाइकांच्या नमुन्यांवरून. ते चांगलंच झालं. पण ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ ह्या तिथल्याच नळीवाल्या कंपनीतनं २०२३ ला सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ ला ती दिवाळखोरीत निघाली. माझी कंपनी दुसरी. आज आहे, उद्याचं कोण सांगणार?

आता मूळ मुद्दा, दोन मिनिटांत. आपली कोल्हापूरच्या छत्रपतींची गादी बघा. १८६६ ला दत्तक. ते राजाराम महाराज विशीत युरोपातनं परतताना फ्लॉरेन्सला वारले, अर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे, त्याच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. १८७१ ला दत्तक. १७ मार्च १८८४ ला तिसरं दत्तक: कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव. तेच शाहू महाराज. नळी लावली असती तर वाय घाटग्यांचं निघालं असतं. ज्यांच्यासाठी वेदमंत्र म्हणायला नकार देऊन पुरोहितांनी वेदोक्ताचा वाद घातला, त्यांनीच २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्यांना ठेवल्या. पन्नास टक्के, त्या काळात, ह्या गावात. आणि १२२ वर्षांनी, २०२४ च्या लोकसभेला, आत्ताच्या महाराजांविरुद्ध प्रचारात काय निघालं? ते दत्तक आलेत, खरे वारस नाहीत. कोल्हापुरात! मतदारांनी काय केलं? त्यांनाच निवडून दिलं, तुम्हीच दिलंत.

झालं, उठतो. घंटी कशाला वाजवता, अध्यक्ष, तुमचा सत्कार माझ्यानंतरच आहे. एकच राहिलं. हेळवी निघाला तेव्हा मी म्हटलं, माझ्या नातीचं नाव लिही. तो म्हणाला, पोरीचं नाव लिवायचं तर पान नवं काढाय लागंल. म्हटलं, काढ. किती घेणार? तो बराच वेळ विचार करत होता, कारण ह्याचा भाव बापजाद्यांनी ठरवलेलाच नव्हता. पाचशेवर आला. जोंधळा नको म्हणाला, मोटरसायकलवर जागा नाही.

मागं कुणाचातरी फोन वाजला. किती? ३८ फूट? मग शुक्रवार पेठेतल्यांनी चहा न घेता निघा, मी पण येतो.