छपराचा हिशेब कडांवर चुकतो

घराची लांबी गुणिले रुंदी, भागिले शंभर, गुणिले तीन. शिंगल्सच्या, म्हणजे एकावर एक चढवत लावायच्या डांबरी किंवा लाकडी पातळ तुकड्यांच्या, छपराचा हिशेब एवढाच, असं धरून माल मागवणारे पुष्कळ असतात. ४० फूट बाय २८ फुटांचं घर घ्या. १,१२० चौरस फूट, म्हणजे ११.२ स्क्वेअर, म्हणजे ३४ बंडलं. काम सुरू होतं आणि वळचणीपासून चढत चढत आढ्याशी पोचायच्या आतच माल संपतो. आज आपण हेच घर सोबत घेऊन चालू आणि त्याला खरोखर किती माल लागतो ते काढू.

आधी मापं उरकून टाकू. छपराचा एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, बांधकामवाल्यांच्या बोलीत क्षेत्रफळाचा एक ब्रास. मेट्रिकमध्ये ९.२९ चौरस मीटर. डांबरी शिंगल्सच्या नेहमीच्या प्रकारात तीन बंडलांत एक स्क्वेअर भरतो. जाड, वजनदार प्रकारांना चार, क्वचित पाचही बंडलं लागतात. म्हणून बंडलाच्या वेष्टनावर ‘इतके चौरस फूट झाकतं’ असं जे छापलेलं असतं ते आधी वाचायचं आणि मग कॅल्क्युलेटर काढायचा.

आता हे ‘झाकणं’ नीट समजून घ्या, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा अडखळतात. जुन्या पद्धतीची थ्री-टॅब, म्हणजे खालची कड तीन पाकळ्यांत चिरलेली, शिंगल १२ इंच उंच आणि ३६ इंच रुंद असते. हातात धरली तर ती भरते ३ चौरस फूट. पण छपरावर एका रांगेवर दुसरी रांग चढते आणि प्रत्येक शिंगलची फक्त खालची ५ इंचांची पट्टी उघडी राहते. ५ गुणिले ३६ म्हणजे १८० चौरस इंच, सव्वा चौरस फूट. शंभराला सव्वाने भागा, ८० शिंगल्स. या ऐंशी तीन बंडलांत वाटलेल्या असतात. म्हणजे एकावर एक चढण्याचा हिशेब कंपनीने आधीच करून ठेवला आहे. तरी काही जण ‘ओव्हरलॅपचे’ म्हणून वर आणखी वीस-तीस टक्के लावतात. तो एकच खर्च दोनदा धरला गेला.

सगळा खेळ या उघड्या पट्टीचा आहे. लाकडी सीडर शिंगल्स बघा. त्या १६, १८ आणि २४ इंच लांबीच्या येतात आणि अनुक्रमे ५, साडेपाच आणि साडेसात इंच उघड्या ठेवल्या तर चार बंडलांत एक स्क्वेअर भरतो. उतार कमी आहे म्हणून १६ इंचीची उघडी पट्टी ५वरून पावणेचारवर आणली, तर तीच चार बंडलं ७५ चौरस फुटांवर संपतात. उलट बाजूनेही मोह होतो. डांबरी शिंगल ५ऐवजी साडेपाच इंच उघडी ठेवली की दहा टक्के जास्त छप्पर झाकलं जातं. कागदावर छान दिसतं. पण मग खिळे आणि चिकटपट्टी ठरलेल्या जागी बसत नाहीत, आणि वारा नेमका तिथेच हात घालतो. असली बचत करू नका.

आता घराकडे वळू. पहिली चूक अशी की छप्पर भिंतीपाशी थांबत नाही, ते बाहेर झुकलेलं असतं. चारही बाजूंना एकेक फूट बाहेर धरा. ४० बाय २८चं झालं ४२ बाय ३०, म्हणजे १,२६० चौरस फूट. नुसत्या एका फुटाने १४० चौरस फूट वाढले, जवळजवळ दीड स्क्वेअर. आणि हे माप भिंतीवरून घ्यायचं नाही, वळचणीच्या टोकापासून टोकापर्यंत घ्यायचं.

दुसरी चूक उताराची. १२ इंच आडवं गेल्यावर छप्पर किती इंच चढतं, तो त्याचा उतार. तो मोजायला छपरावर चढायची गरज नाही. माळ्यावर जा, लेव्हल आडवी धरून तिचं एक टोक वाशाच्या खालच्या कडेला टेकवा, त्या टोकापासून १२ इंचांवर खूण करा आणि त्या खुणेपासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच आहेत ते टेपने बघा. सहा आले तर उतार १२ला ६. पुढे शाळेतला पायथागोरस. १२चा वर्ग १४४, ६चा ३६, बेरीज १८०, वर्गमूळ १३.४२, भागिले १२, म्हणजे १.११८. आडव्या क्षेत्रफळाला या गुणकाने गुणलं की तिरकं क्षेत्रफळ मिळतं. १,२६० गुणिले १.११८, साधारण १,४०९. म्हणजे १४.०९ स्क्वेअर. ४३ बंडलं झाली, आणि अजून कापाकापी धरलेलीच नाही.

१२ला ४ उताराचा गुणक १.०५४, १२ला ८चा १.२०२, १२ला ९चा बरोबर १.२५ आणि १२ला १२चा १.४१४. चढ सौम्य असेल तर मोजणीत एखादा इंच इकडचा तिकडे झाला तरी फार बिघडत नाही. ४च्या जागी ५ धरला तर तीन टक्क्यांच्या आतच फरक पडतो. तीव्र छपरावर १०च्या जागी १२ धरला, तर साडेआठ टक्के. तेव्हा छप्पर जितकं उभं तितकी मोजणी काटेकोर.

आता मला या विषयातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. समजा हे दुपाखी छप्पर नाही, चौपाखी आहे. क्षेत्रफळ किती बदलेल? अंदाज करा. चौपाखी म्हटलं की लोकांना वाटतं, जास्त पाखी, जास्त माल. आपण मोजू. लांब बाजूंना दोन समलंब पाखी. त्यांची वळचण ४२ फूट, आढं १२ फूट आणि उताराची लांबी १६.७७ फूट. दोन्ही मिळून जवळपास ९०६ चौरस फूट. आखूड बाजूंना दोन त्रिकोण, पाया ३० फूट, मिळून ५०३. बेरीज १,४०९. तंतोतंत तेवढीच! उतार सगळीकडे सारखा असेल तर छप्पर दुपाखी आहे की चौपाखी, याला क्षेत्रफळ जुमानत नाही. खाली जमिनीवर पडणारी त्याची सावली आणि उतार, एवढ्या दोनच गोष्टींवर ते ठरतं. डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेली खिडकीची टोपी, उतार तोच असेल तर वेगळी मोजावी लागत नाही. तिची वळचण मुख्य छपरावर जेवढी लोंबते तेवढाच तुकडा वाढवायचा, कारण तिथे वर-खाली दोन्हीकडे शिंगल्स आहेत.

मग चौपाखी छपराला माल जास्त लागतो तो जातो कुठे? कडांवर. क्षेत्रफळ हा हिशेबाचा सोपा भाग आहे. छप्पर दोनदा मोजायचं असतं, एकदा चौरस फुटांत आणि एकदा नुसत्या फुटांत. दुसरी मोजणी कुणी करत नाही.

आढ्याची लांबी बघा. दुपाखीत आढं ४२ फूट, बस. चौपाखीत आढं १२च फूट, पण चार कोनवासे आहेत, म्हणजे आढ्यापासून कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या, दोन पाखी बाहेरच्या बाजूने मिळतात त्या तिरक्या कडा. १२ला ६ उताराला कोनवाशाची लांबी आडव्या धावेच्या बरोबर दीडपट येते, १५ फुटांना साडेबावीस. चार मिळून ९०. म्हणजे टोपणशिंगल्स, या जोडांवर टोपीसारख्या बसणारे तुकडे, लावायची लांबी १०२ फूट, दुपाखीच्या अडीचपटीहून किंचित कमी. थ्री-टॅबचे तीन तुकडे करून टोपणं बनवली तर २६ शिंगल्सच्या बंडलातून ७८ तुकडे निघतात आणि दर तुकडा ५ इंच उघडा राहतो, म्हणजे बंडलामागे साडेबत्तीस फूट. दुपाखीला दोन बंडलं, चौपाखीला चार. तयार टोपणं विकत घेणार असाल तर त्या पाकिटावर किती फूट लिहिले आहेत ते बघा. प्रकाराप्रकारांत मोठा फरक असतो.

खालच्या पहिल्या रांगेखाली जी सुरुवातीची पट्टी जाते, स्टार्टर, तीही बहुतेक जण विसरतात. चौपाखीला वळचण चहूबाजूंनी, १४४ फूट. दुपाखीला वळचण ८४ फूट, शिवाय त्रिकोणी भिंतींवरच्या चार तिरक्या कडा साधारण ६७ फूट. शिंगल कापून स्टार्टर केली तर एकीत ३ फूट जातात, तेव्हा दोन्ही घरांना दोन-दोन बंडलं.

आता कापाकापी. दुपाखीत रांगेच्या टोकाला कापलेला तुकडा दुसऱ्या टोकाला पुढच्या रांगेत चालून जातो, म्हणून दहा टक्के पुरतात. चौपाखीत काप तिरके पडतात आणि तिरका तुकडा सहसा कुठेच बसत नाही, तिथे पंधरा टक्के धरावेत. दुपाखीला झाली ४७ बंडलं, चौपाखीला ४९. टोपणं आणि स्टार्टर मिळवा: ५१ आणि ५५. सुरुवातीचे ३४ आठवतात का?

घळी, म्हणजे दोन पाखी आत मिळतात त्या व्हॅली, असतील तर हे टक्केसुद्धा अपुरे पडतात. कापीव पद्धतीत एका पाख्याच्या शिंगल्स घळीच्या मध्यरेषेपलीकडे निदान १२ इंच नेतात आणि त्यांच्यावर दुसऱ्या पाख्याच्या आणून कापतात. २० फुटांच्या एका घळीत पलीकडे नेलेलेच २० चौरस फूट, आणि काप वेगळा. घर जितकं नटवलेलं तितका कचरा जास्त. इंग्रजी एल किंवा टीच्या आकाराचं घर असेल तर मी टक्क्यांवर भरवसा ठेवत नाही, घळी एकेक करून मोजतो. उलट धुराडं किंवा लहान झरोका वजा करू नका. ३ बाय ३चं धुराडं म्हणजे ९ चौरस फूट, बंडलाचा तिसरा हिस्साही नाही. त्याच्याभोवतीच्या कापाकापीत तेवढं सहज जातं.

शिंगल्सखालच्या अस्तराचं थोडक्यात. १५ नंबर फेल्टचा, म्हणजे डांबर मुरवलेल्या जाड कागदाचा, गुंडाळा ३६ इंच रुंद आणि १४४ फूट लांब असतो, ४३२ चौरस फूट, आणि चढीव सोडून चार स्क्वेअर झाकतो. आपल्या घराला चार गुंडाळे. १२ला ४पेक्षा कमी उतार असेल तर अस्तर दुहेरी, म्हणजे हिशेब दुप्पट. १२ला २च्या खाली डांबरी शिंगल्स लावायच्याच नाहीत, तिथे हे सगळं गणितच गैरलागू. व्हरांड्याचा उतार बहुधा मुख्य छपरापेक्षा कमी असतो, त्याची बेरीज वेगळी करा. खिळे शिंगलमागे चार, म्हणजे स्क्वेअरला ३२०. जोराच्या वाऱ्याच्या प्रदेशात सहा, म्हणजे ४८०.

माल एकदमच मागवा, एकाच लॉटचा. दोन लॉटच्या रंगछटांत फरक असतो आणि तो उन्हात दिसतो. न फोडलेलं एक बंडल कोरड्या जागी ठेवून द्या, दुरुस्तीला लागतं. एका बंडलाचं वजन साधारण ३० ते ३५ किलो. ५५ बंडलं म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. तेव्हा सगळी बंडलं छपरावर एकाच जागी रचायची नाहीत, आढ्यालगत पसरून ठेवायची.

प्रश्न आला आहे की जुन्या शिंगल्स न काढता वर नव्या चढवल्या तर हिशेब बदलतो का. क्षेत्रफळ आणि कडा त्याच राहतात. खिळे मात्र लांब घ्यावे लागतात, कारण दोन्ही थर पार करून खालच्या फळीत त्यांनी निदान पाऊण इंच शिरायला हवं, आणि फळी त्याहून पातळ असेल तर आरपार जायला हवं. शिवाय छपरावर आधीच दोन थर असतील तर अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे तिसरा चढवता येत नाही. मग उपसून टाकलेल्या मालाचं वजनही धरावं लागतं. आपल्या घराचे तसे दोन थर निघाले तर नुसत्या शिंगल्सच तीन टनांच्या वर भरतील, आणि कचऱ्याची गाडी त्या मापाची सांगावी लागेल.