कपाटातली संगणकाची जुनी पुस्तकं

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांच्या कपाटाचा एक खण संगणकाच्या जुन्या पुस्तकांनी अडवला आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय.

आवराआवर करताना आपण हजार पानांचं, विंडोज ९५ शिकवणारं जाडजूड पुस्तक जपून बाजूला ठेवतो, कारण ते महाग पडलं होतं. मशीनबरोबर फुकट आलेली बारकी चोपडी, म्हणजे मॅन्युअल, मात्र रद्दीत जाते. माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला हवं. त्या जाड पुस्तकाच्या प्रती ढिगांनी निघाल्या. ग्रंथालयं ती घेत नाहीत आणि त्यांचं काही चुकत नाही. पण जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी) कुठे बसवायचा, कुठली पिन कशासाठी, हे त्या चोपडीतच सापडतं. आयबीएमनं १९८१मध्ये पीसी आणला, तेव्हा त्याच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे होते, बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अख्खं लिस्टिंग (छापलेला कोड) होतं. जुनी मशीनं दुरुस्त करणारे आजही ती पानं उघडून बसतात. (तसाच बायोस बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र, नक्कल केल्याचा आरोप नको म्हणून, आपले प्रोग्रामर ते लिस्टिंग वाचणार नाहीत याची काळजी घ्यावी लागली!)

तेव्हा मॅन्युअल आधी वेगळी काढा. मुखपृष्ठाचा आणि आवृत्ती, साल, पार्ट नंबर असलेल्या पानाचा फोटो घ्या. मग बिटसेव्हर्स किंवा इंटरनेट आर्काइव्ह या जुनी कागदपत्रं जपणाऱ्या वेबसाइटवर त्याच आवृत्तीचं स्कॅन आहे का, ते बघा. नसेल, तर तुमच्या हातात मोलाची वस्तू आहे. समासात कुणी पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर खोडू नका. छापील चूक तिथेच दुरुस्त केलेली असू शकते. आत फ्लॉपी असेल तर तीही सोबत द्या. स्कॅन करणारे कधी कधी बाइंडिंग कापतात. चालणार नसेल तर आधीच सांगा. संग्रहालयाला न विचारता खोकं पाठवू नका, त्यांच्याकडेही जागेची मारामार असते.

अल्गोरिदमची, गणिताची पुस्तकं सहसा शिळी होत नाहीत. कर्निगन-रिची यांच्या सी या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच्या पुस्तकाची १९८८ची दुसरी आवृत्ती विद्यार्थी अजून वाचतात. अशी पुस्तकं थेट त्यांनाच द्या.

बुरशी धरलेलं पुस्तक मात्र बाकीच्यांत मिसळू नका, ती पसरते. आणि विचारूनही कुणी घेतलं नाही, तर रद्दीच. फक्त सीडी आणि प्लास्टिकची बाइंडिंग आधी काढून घ्या.