धुवून वापरायचा एअर फिल्टर आणि तेलाचे माप

मित्रहो, एक लिटर पेट्रोल पुरते जळायला साधारण ११ किलो हवा लागते. घनफळात सांगायचे तर ही जवळजवळ ९,००० लिटर हवा झाली. २ लिटर क्षमतेचे, चार स्ट्रोकचे इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर मिनिटाला ते सुमारे ६,००० लिटर हवा आत ओढते. या हवेबरोबर धूळ येते आणि धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्जच्या मापावर, म्हणजे खनिजांची कठीणता १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मापावर, क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. साधे पोलाद त्यापुढे मऊ ठरते. असे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या तेलाच्या थरात शिरले, की वंगण म्हणून घातलेले ते तेल पृष्ठभाग घासू लागते. म्हणून धूळ अडवणे हे फिल्टरचे पहिले काम आहे आणि हवा मोकळी येऊ देणे हे दुसरे. परफॉर्मन्स कारसाठी फिल्टर घेताना हा क्रम बहुधा उलटा केला जातो, म्हणून तो सुरुवातीलाच स्पष्ट करावासा वाटतो.

धुवून पुन्हा वापरता येणाऱ्या सुती फिल्टरची रचना साधी असते. विरळ विणीच्या सुती कापडाचे, म्हणजे गॉजचे, चार-सहा थर एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक जाळीत धरलेले असतात, त्यांना चुण्या घातलेल्या असतात आणि कडेला रबरासारखी लवचीक चौकट असते. कॅलिफोर्नियात १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे हा प्रकार घरोघरच्या गाड्यांपर्यंत पोहोचला. कागदी फिल्टरची छिद्रे मुळातच फार बारीक असतात. सुती गॉजची छिद्रे मात्र अडवायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात, आणि कोरडे गॉज बारीक धूळ बऱ्याच अंशी आरपार जाऊ देते. तो अडथळा तेलामुळे तयार होतो. हवेचा प्रवाह तंतूंना वळसा घालून जातो, जड कण तसे वळू शकत नाहीत, ते तंतूवर आदळतात आणि तेलामुळे तिथेच चिकटून राहतात. पुढे हेच तेल साचलेल्या धुळीतही झिरपत जाते आणि येणाऱ्या नव्या कणांना ती तेलकट धूळच धरून ठेवते. तेलाविना बसवलेला सुती फिल्टर म्हणजे फिल्टर न बसवल्यासारखेच आहे, असे मी म्हणेन, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

यावरून एक गोष्ट ओघाने येते, जी पुष्कळांना पटत नाही. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो. आयएसओ ५०११ या प्रमाणित पद्धतीने फिल्टरची चाचणी घेतात तेव्हाही सुरुवातीची कार्यक्षमता आणि धूळ साचत गेल्यानंतरची कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात, कारण त्यांत फरक पडतो. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला हौसेने फिल्टर धुणे हे गाडीची काळजी घेण्याचे लक्षण नाही. प्रत्येक धुण्यात फिल्टर पुन्हा पहिल्या, कमी कार्यक्षम टप्प्यावर येतो, आणि हाताळण्यात चूक होण्याची नवी संधी मिळते ती वेगळीच. साध्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी के अँड एनची शिफारस ५०,००० मैलांची, म्हणजे सुमारे ८०,००० किलोमीटरची आहे. कच्च्या, धुळीच्या रस्त्यावर अर्थातच हे अंतर खूप कमी होईल. फिल्टर बाहेर काढून मळक्या बाजूने, म्हणजे बाहेरची हवा आत शिरते त्या बाजूने, पाहावा: जाळीच्या तारा धुळीखाली कुठेही बुजलेल्या नसतील, तर तो तसाच परत बसवावा. मळलेल्या फिल्टरमुळे पेट्रोल जास्त जाते ही समजूतही जुनी झाली. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंधन-इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांवर केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे मायलेजमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. फरक पडला तो जोरात वेग घेताना.

धुण्याची वेळ खरोखर आली, की आधी कोरड्या फिल्टरची चौकट हलक्या हाताने आपटून सुटी माती झाडून घ्यावी. मग त्या फिल्टरसाठीच बनवलेला क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारावा आणि दहाएक मिनिटे थांबावे. या वेळात जुने तेल सुटून रंगीत फेसासह खाली ओघळताना दिसते. क्लीनर मात्र कापडावर वाळू देऊ नये, म्हणून हे काम उन्हात करू नये. नंतर नळाच्या मंद धारेखाली फिल्टर धरावा, आणि पाणी नेहमी स्वच्छ बाजूने आत सोडून मळक्या बाजूने बाहेर काढावे. उलट केले तर बाहेर अडकलेली माती आपणच कापडाच्या आतल्या थरांत ढकलतो. खाली पडणारे पाणी नितळ होईपर्यंत हे करावे, आणि गरज पडली तर क्लीनरचा हात पुन्हा द्यावा. पेट्रोल, थिनर, वाफ किंवा प्रेशर वॉशर यांपैकी काहीही वापरू नये. द्रावकांनी चौकटीचे रबर खराब होते, आणि जोराच्या धारेने गॉजची वीण सरकते. सरकलेली वीण पुन्हा जागेवर येत नाही.

वाळवताना घाई नडते. कॉम्प्रेसरची हवा मारली तर कापडाला भोके पडतात, आणि हेअर ड्रायरची किंवा हीटरची उष्णता दिली तर सूत आकसून कडेशी फट पडू शकते. सावलीत, वारा लागेल अशा जागी, चुण्या उभ्या राहतील अशा बेताने फिल्टर ठेवून द्यावा. हवा दमट असेल तर एक रात्रही पुरत नाही. चुण्यांच्या तळाशी, जिथे कापड दुमडलेले असते, तिथे ओल सर्वांत शेवटी जाते. ओल राहिलेल्या धाग्यात तेल मुरत नाही, आणि वरून सारे लालसर दिसले तरी तळाशी कोरड्या रेषा राहून जातात.

आता तेल. या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या बहुतेक वेळा तेल जास्त घातल्याच्या असतात. तेल फिल्टरसाठीच बनवलेले असावे. इंजिन ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० चालत नाही, कारण फिल्टरचे तेल तंतूला चिकटून राहील अशा बेताने तयार केलेले असते. स्प्रे असेल तर नळकांडे सुमारे ७-८ सेंटिमीटरवर धरून प्रत्येक चुणीच्या कडेवरून एकदाच हात फिरवावा. पिळायची बाटली असेल तर मळक्या बाजूने प्रत्येक चुणीच्या माथ्यावर तेलाची एक बारीक रेघ ओढावी. या वेळी फिल्टर पट्ट्यापट्ट्यांचा, अर्धवट रंगलेला दिसतो, आणि मन म्हणते की आणखी थोडे घालावे. ते ऐकू नये. वीस-तीस मिनिटांत तेल धाग्याधाग्याने आपोआप पसरत जाते, पट्टे एकमेकांत मिसळतात आणि पांढुरकी जागा भरून येते. त्यानंतर फिल्टर उलटा करून स्वच्छ बाजूने पाहावे. जिथे पांढरे ठिपके उरले असतील, तेवढ्याच जागी थोडे तेल द्यावे. तेलात मुद्दाम रंग घातलेला असतो तो याच पाहणीसाठी. जाळीवर बोट ठेवल्यावर बोट तेलाने माखत असेल किंवा चौकटीत थेंब जमत असेल, तर माप चुकले आहे. जास्तीचे तेल कागदाने टिपून घ्यावे आणि फिल्टर रात्रभर निथळत ठेवावा.

जास्तीचे तेल जाते कुठे, हेही पाहू. पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या पुढेच मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्यातली तार किंवा पातळ फिल्म हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते, आणि ती तशी ठेवायला किती वीज लागते यावरून किती हवा आली हे संगणक ठरवतो. फिल्टरवरून उडालेले तेल तिच्यावर बसले आणि त्यावर धूळ चिकटली, की तिची उष्णता हवेला नीट मिळत नाही. मग येणारी हवा कमी आहे असा समज होऊन पेट्रोल कमी सोडले जाते. हलक्या चालवण्यात धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर हा फरक बराच सावरून घेतो, पण पूर्ण ताकदीवर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, राहणे इंजिनाला घातक आहे. बॉशच्या एलएच-जेट्रॉनिक या जुन्या इंधन-इंजेक्शन प्रणालीत इंजिन बंद केल्यावर ही तार क्षणभर सुमारे १,००० अंश सेल्सिअसला तापवून वरची घाण जाळून टाकत असत. फिल्मच्या सेन्सरला ती सोय नाही. तेल दिल्यानंतर थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला आणि पी०१७१ हा मिश्रण लीन असल्याचा कोड निघाला, तर आधी या सेन्सरकडे पाहावे आणि त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास क्लीनरनेच तो साफ करावा.

परत बसवण्यापूर्वी एअर बॉक्स ओल्या फडक्याने आतून पुसून घ्यावा, आणि चौकटीची कड सगळीकडे सपाट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. कडेला राहिलेली लहानशी फट कितीही चांगल्या कापडाचे काम वाया घालवते. काही आठवडे गाडी चालवल्यानंतर फिल्टरच्या पुढच्या नळीत आतून पांढरे फडके फिरवावे: त्यावर कचकचणारी माती आली तर फिल्टर गळतो आहे, आणि तेल आले तर ते जास्त झाले आहे.

ही सारी रीत सुती गॉजच्या फिल्टरची आहे. फोमच्या फिल्टरला तेल चोळून मुरवावे लागते आणि जास्तीचे तेल न पिळवटता दाबून काढावे लागते. कोरड्या सिंथेटिक फिल्टरला तर तेल लावायचेच नसते. सुती फिल्टरही कायमचा नसतो. वाळलेला फिल्टर तेल देण्याआधी दिव्यासमोर धरावा. एखाद्या जागी प्रकाश टोकदार ठिपक्यासारखा आरपार येत असेल, जाळी कापडापासून सुटली असेल किंवा चौकटीचे रबर कडक होऊन तडकले असेल, तर त्या फिल्टरला तेल देऊ नये. तो टाकून नवा घ्यावा.