हात मागे जातो तेव्हा

(हँगरची फरशी. दूरवर विमानाच्या पंख्याची घरघर.)

स्पेनच्या ईशान्य टोकाला, भूमध्य समुद्राकाठी एम्पुरियाब्रावा नावाचं गाव आहे. इथल्या छोट्या विमानतळावरून वर्षभर पॅराशूटच्या उड्या होतात. हँगरमध्ये एक तरुण कमरेत वाकून उभा आहे. त्याच्या अंगातल्या सूटला काखेपासून मांडीपर्यंत कापड आहे आणि दोन्ही पायांच्या मध्येही. हा विंगसूट, म्हणजे पंखांचा सूट. डोळे मिटलेले. दोन्ही हात एकदम आत येतात, मागे जातात. पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला, पॅराशूट उघडायची एक लहानशी मूठ आहे. हाताला ती लागते. तो ओढल्यासारखं करतो, हात सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

शेजारी उभे असलेले प्रशिक्षक काही बोलत नाहीत, नुसते मोजतायत. बारा. तेरा. चौदा.

विंगसूट म्हटलं की कड्याला घासून जाणाऱ्या माणसांचे व्हिडिओ डोळ्यांसमोर येतात. ती या खेळाची अगदी टोकाची बाजू. आपण त्याची सुरुवात बघणार आहोत, आणि एका सूटमधून दुसऱ्या सूटमध्ये जाण्याची वाट. माझ्या मते या खेळाचं खरं शिक्षण तिथेच होतं.

(विमान वर चढतंय. खिडकीतून रोझेसचं आखात, मागे पिरेनीजच्या रांगा.)

विंगसूट घालायच्या आधी साध्या उड्या किती हव्यात? अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार किमान २००. ऐकताना हा आकडा जाचक वाटतो. पण दोनशे उड्यांनंतर शरीर काही गोष्टी आपोआप करायला लागतं. उंचीवर नजर ठेवणं, पडताना स्थिर राहणं, पॅराशूट उघडलं की आधी वर बघणं, गुंता झालाच तर ते गुंतलेलं पॅराशूट सोडून देऊन राखीव पॅराशूट काढणं. विंगसूटमध्ये डोकं कापडाकडे गुंतलेलं असतं. बाकीचं सगळं तोवर हाडात मुरलेलं लागतं.

साध्या उडीत पोटावर पडणारा माणूस ताशी साधारण २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. १३,००० फुटांवरून उडी मारली, तर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळतं. विंगसूटमध्ये खाली येण्याचा हा वेग निम्म्यावर येतो, चांगल्या विंगसूटवाल्याच्या बाबतीत त्याहूनही कमी होतो. एक मीटर खाली येताना तो दोन-अडीच मीटर पुढे सरकतो. एका मिनिटाची दोन-तीन मिनिटं होतात.

हे साधतं कसं? कापड दुहेरी असतं आणि मध्ये कापडाच्याच पडद्या शिवलेल्या असतात. पुढच्या कडेला झरोके ठेवलेले असतात. त्यांतून वारा आत शिरला की लोळागोळा कापड ताठ होतं, त्याला पंखाचा आकार येतो. ना लाकूड, ना लोखंड. आत हाडं म्हणून असतात ती माणसाची स्वतःची.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

पूर्वी तसं नव्हतं. अमेरिकेचा क्लेम सोन कॅनव्हासचे पंख लावून विमानातून उडी मारायचा आणि त्याला बघायला लोटच्या लोट यायचे. २५ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसजवळच्या व्हॅन्सेन इथे त्याचं पॅराशूट उघडलं नाही. फ्रान्सचा लेओ व्हालांताँ लाकडी पंखांपर्यंत पोचला. २१ मे १९५६ ला लिव्हरपूलमध्ये विमानाच्या दारातून बाहेर पडताना त्याचा एक पंख विमानालाच आपटून मोडला. पॅराशूटनेही दगा दिला.

दारातला तो क्षण आजच्या प्रत्येक पहिल्या धड्यात आहे. दारातून निघताना पंख मिटलेले ठेवायचे. दोन-तीन सेकंदं नुसतं पडायचं, विमानाची शेपटी डोक्यावरून निघून जाऊ द्यायची. मग हात उघडायचे. दारातच हात उघडले, तर वारा माणसाला वर फेकतो, सरळ त्या शेपटीच्या वाटेत.

आज आपण ज्याला विंगसूट म्हणतो, त्याचा जनक फ्रान्सचा पॅट्रिक द गायार्दों. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याने कडक सांगाडा टाकून दिला आणि फक्त कापडावर उडून दाखवलं. १३ एप्रिल १९९८ रोजी हवाईमध्ये त्याचा मृत्यू झाला. सूटने त्याला फसवलं नव्हतं. पॅराशूटच्या पिशवीत त्याने स्वतः एक बदल केला होता, त्या बदलात चूक राहिली होती. जगात त्याच्याइतकं हे कापड ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. सामानातला एकच बदल, आणि त्यात राहिलेली एक चूक. नवा सूट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग माहीत असलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन ही कंपनी काढली. सूट दुकानात विकत मिळू लागला, आणि शिकवण्याची पद्धतही बसू लागली. पेचनिकने पुढे फिनिक्स-फ्लाय सुरू केली. आज टोनीसूट्स आहे, स्क्विरल आहे. मॉडेलांच्या नावांचा नुसता पाऊस.

(जमिनीवर शेजारी शेजारी पसरलेले दोन सूट. एक लहान, एक मोठा.)

हे दोन बघा. डावीकडचा शिकाऊ सूट, म्हणजे फिनिक्स-फ्लायच्या प्रॉडिजी किंवा स्क्विरलच्या स्विफ्टच्या जातीचा. हाताचा पंख आखूड आहे, पायांमधलं कापड बेताचं. हात मिटले की कापड लगेच मवाळ होतं. उजवीकडचा मोठा, टोनीसूट्सच्या अपाचेसारखा. त्यात हाताचं कापड पार पायांपर्यंत उतरतं. पसरून ठेवला तर त्याखाली माणूस शोधावा लागेल.

लहान सूट चूक पोटात घालतो. खांदा जरा खाली गेला, तर थोडंसं वळण, तेवढंच. मोठ्या सूटमध्ये तेवढ्याच खांद्याने सगळा देह फिरायला लागतो. हवेने भरलेला पंख फळीसारखा टणक असतो, तो मिटायला जोर लागतो आणि वेळही लागतो. कधी माणूस पाठीवर पडून भिंगरीसारखा फिरू लागतो. अशा वेळी कापडाशी झुंज घ्यायची नसते. हात-पाय आत घ्यायचे, पंख मोडायचे. ठरवलेल्या उंचीपर्यंत भिंगरी थांबलीच नाही, तर पॅराशूट उघडायचं.

आणि आता तो हात. मघाशी फरशीवर मागे जात होता तो.

लहान सूटमध्ये मूठ उघडी असते, हात सरळ तिच्यावर जातो. मोठ्या सूटमध्ये मिटलेलं कापड कमरेशी फुगून बसतं. हाताला वाट वाकडी करावी लागते, मूठ जिथे असायला हवी तिथे बोटांना कापड लागतं. हात मागे नेताना एक आधी गेला आणि दुसरा नंतर, तर शरीर वळतं, आणि वळतानाच पॅराशूट बाहेर आलं की दोऱ्यांना पीळ पडतो. म्हणून दोन्ही हात एकदमच गेले पाहिजेत, मूठ एकीकडेच असली तरी.

त्यात अंगामागे हवेची एक पोकळी तयार होते. सूट जितका मोठा, तितकी ती पोकळी मोठी. मुठीला जोडलेली, मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारी छोटी छत्री त्या पोकळीत अडकून घोटाळू नये, म्हणून विंगसूटवाले ती छत्री मोठी घेतात आणि तिची पट्टी लांब ठेवतात. मुख्य पॅराशूट मात्र शांत स्वभावाचं, सावकाश उघडणारं.

(सूट पाठीवरच्या पिशवीला जोडला जातोय. बोटं, झिपा, पट्टे.)

इथे थोडं थांबू या. सूट आणि पिशवी आधी एकमेकांत गुंफायची, मग दोन्ही मिळून अंगात चढवायचं. मांड्यांभोवतीचे पट्टे सूटच्या आत जातात. म्हणजे ते आवळले की नाही, हे बाहेरून दिसत नाही. नव्या मॉडेलमध्ये झिपांचा क्रम निराळा असतो आणि लक्ष सगळं त्या झिपांत गुंततं. पट्टा विसरायची जागा नेमकी हीच. प्रशिक्षक वाकून, कापडाच्या आत हात घालून पट्टे ओढून बघतात तेव्हा कुणालाही संकोच वाटू नये.

आणखी एक. ठरावीक उंचीपर्यंत पॅराशूट उघडलं नाही, तर राखीव पॅराशूट आपोआप सोडणारं एक यंत्र पिशवीत असतं. नेहमीच्या मॉडेलमध्ये ते जागं होतं सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर वेगाने माणूस पडत असेल तरच. पंख पसरून उडणारा विंगसूटवाला सहसा तेवढ्या वेगाने पडत नाही. तो जमिनीपर्यंत तरंगत आला, तरी यंत्राला सगळं ठीकच वाटेल.

कापड आणि वारा म्हटलं की मला पॅराशूटच्या उड्या मारणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायात त्यांनी नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. तो विंगसूट नव्हता. पण अंगावर जास्तीचं कापड आलं की आधी एकच प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो त्यांनाही सोडवावा लागला असणार. वाऱ्यात हे कापड मुठींच्या आड तर येणार नाही?

(हवेतून. खाली शेतांचे तुकडे, कालवे, समुद्राची कड.)

मोठ्यातून लहानाकडे येणंही सोपं नाही, याची चर्चा मात्र कमी होते. मोठ्या सूटची सवय झालेला माणूस जमीन बघून मनात अंतर मोजतो. एवढं तर सहज जाईन. लहान सूट त्याला तिथवर नेत नाही, आणि उतरायच्या मैदानाऐवजी तो कुणाच्या तरी शेतात उतरतो. शिवाय प्रत्येक जातीचं काम वेगळं. स्क्विरलचा फ्रीक कोलांट्यांना आणि झटक्यात वळायला चांगला. लांब पल्ल्याचे सूट सरळ रेषेत खुलतात. फ्रीकमध्ये बेफिकिरीने मारलेलं वळण तिथे मारायला गेलं, तर महागात पडतं.

जागतिक स्पर्धांत एक किलोमीटर उंचीची पट्टी ठरवून देतात आणि त्यात तीन गोष्टी मोजतात. किती वेळ टिकलास, किती लांब गेलास, किती वेगाने गेलास. सूट तोच, पण तिन्हीसाठी शरीर निराळं धरावं लागतं. फ्लायसाइटसारख्या छोट्या जीपीएस यंत्राने शिकाऊंनाही हे मोजता येतं. मोठा सूट घेतला म्हणून आकडे वाढतातच असं नाही. जुन्या लहान सूटमध्ये मुरलेला माणूस नव्या मोठ्या सूटवाल्याला मागे टाकतो, हे ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, पुन्हा पुन्हा दिसतं.

सेकंडहँड सूट घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की तो कुणाच्या तरी मापाने शिवलेला आहे. खांद्यात ढिला, मांडीत आखूड असा सूट स्वस्त मिळाला, तरी हवेत गेल्यावर तो तुमच्या हाताचं ऐकत नाही.

(विमानाचं दार उघडतं. वाऱ्याचा आवाज.)

बाकीचे उडी मारून गेले. विंगसूटवाले शेवटी निघतात. आपला हँगरमधला तरुण आज पहिल्यांदाच मधल्या आकाराचा सूट घालून आलाय. सोबतीला कुणी नाही, हेल्मेटवर कॅमेरा नाही. नेहमीपेक्षा वरच पॅराशूट उघडायचं असं ठरलंय.

पंख मिटून तो दारातून सुटतो. एक. दोन. तीन. हात उघडतात.

विमानाच्या वाटेपासून बाजूला एक वळण. मग लगेच, खूप उंचावर, गरज नसताना, हात मागे. बोटांना कापड लागतं. हात पुन्हा बाहेर, पंख भरतात. परत हात मागे. या वेळी बोटं थोडी खालून जातात आणि मूठ सापडते. तो ओढत नाही. सोडतो, पंख पसरतो, समुद्राला समांतर जात राहतो.

तिसऱ्यांदा ओढतो.