बाबा, हे तर तू करतोस

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख करून देताना जी विशेषणं लावली, ती ऐकून मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. माझं नाव पोस्टरवर आजवर एकदाच छापून आलंय. तेही आपल्याच मंडळाच्या, आणि शेजारी चित्र होतं व्हायोलिनचं.

खरं काम सांगतो. मी इथे जर्मनीत ऑर्केस्ट्रात चेलो वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. चौथ्या स्टँडवर आतल्या बाजूला बसतो. स्टँड म्हणजे नोटेशनची पानं ठेवायची घोडी. एका स्टँडवर दोघं, आणि पानं उलटायची ती आतल्याने. घरी कुणी विचारलंच तर बायको सांगते, "हे पानं उलटतात."

डिसेंबरात कोल्हापूरला गेलो होतो. देवल क्लबात गाणं होतं. आई, मी आणि माझी दहा वर्षांची लेक. बाई जयपूर घराण्याचं गात होत्या, आई मान डोलावत होती. अर्ध्या तासाने लेकीने माझी बाही ओढली आणि बाईंच्या मागे बोट दाखवलं. तिथे एक मुलगी तंबोरा घेऊन बसली होती. चार तारा, एकीमागून एक, नजर कुठेतरी लांब. लेक म्हणाली, "बाबा, हे तर तू करतोस."

आईने ऐकलं. तिथे काही बोलली नाही. घरी पांढरा रस्सा वाढता वाढता फुटली. "तंबोऱ्यावर बसायला गेलास व्हय रं जर्मनीला? एवढी फी भरलो मी!" (पुण्याच्या मंडळींनी दचकू नये, आमच्याकडे बायका असंच बोलतात.) आमच्या घरात अल्लादियाखाँसाहेबांचं नाव कानाची पाळी धरूनच घेतात. शाहू महाराजांच्या दरबारचा गवय्या. पणजोबांनी त्यांच्या मुलाला, भूर्जीखाँना, ऐकलेलं. तेव्हा गाणं म्हणजे पुढे बसणाऱ्याचं. बाकीचे साथीला.

मी समजूत घालायला गेलो आणि अडकलो. म्हटलं, अगं, आम्हाला खूप स्वर असतात. आणि नेमका आठवला पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन, जो तुम्ही प्रत्येक पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला मागता. त्यात चेलोला आठच स्वर आहेत. तेच आठ, पहिल्यापासून शेवटपर्यंत 28 वेळा. लेकीने तिथल्या तिथे गुणाकार केला. "224. म्हणजे तंबोराच की."

गंमत अशी की मला आवडतंही तेच. ब्रुकनर या संगीतकाराचं काही वाजवलं की दुसऱ्या दिवशी पोळी लाटवत नाही, इतका हात बो, म्हणजे गज, थरथरवून भरून येतो. पण शुबर्ट या संगीतकाराचं एक पंचक आहे, पाच वाद्यांसाठीचं, 1828 सालचं, गेला त्याच वर्षी लिहिलेलं. एकतिसाव्या वर्षी गेला बिचारा. त्यात दोन चेलो आहेत. संथ भागात मधली तीन वाद्यं लांब स्वर धरून जेमतेम हलतात, आणि खाली दुसरा चेलो बो न लावता, बोटानेच तार छेडत राहतो. मी नेहमी तो दुसरा चेलो मागून घेतो. इथल्या सहकाऱ्यांना वाटतं, किती नम्र माणूस! त्यांना काय ठाऊक, मी तेव्हा मंगळवार पेठेतल्या आजीच्या माडीवर असतो, दिवे लागायच्या वेळी. माझ्या स्वतःच्या हे ध्यानात यायला वीस वर्षं लागली. लेकीला अर्धा तास.

नोकरीसाठी मला पडद्यामागे बसवून ऐकलं होतं. वाजवणारा कोण हे कळू नये म्हणून. निवड झाल्यावर कामही तेच निघालं: दहा चेलो वाजताहेत आणि त्यात मी कोणता, हे कळू न देणं. आईला हे सांगितलं, तर ती उठून ताक आणायला गेली.

आता जरा तुमच्याकडे वळतो. दर गणपतीत फोन येतो, "शनिवारी मोकळाच असशील, दोन गाणी वाजव." शनिवारी रात्री मी कामावर असतो, मंडळी. त्याला काम म्हणतात. असो. गेल्या वर्षी आपल्या बालमेळाव्यात सतरा मुलं गायली. सतराही पुढे. मागे तंबोरा मोबाईलचा, माईकसमोर धरलेला. मध्येच त्यावर कुणाच्या तरी आईचा फोन आला आणि षड्ज बंद पडला. मुलं गात राहिली, आपण टाळ्या वाजवत राहिलो. मी तर चित्रीकरण करत होतो, फक्त माझ्या मुलीचं.

ती आता शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. परवा घरी येऊन म्हणाली, "मला शेवटच्या स्टँडवर बसवलंय. आत. पानं मी उलटणार." आनंदाने म्हणाली की कसं, मला चेहऱ्यावरून कळेना. विचारायचं धाडस झालं नाही. तिनेच विचारलं, "ती तंबोऱ्यावरची ताई, तिला कधी गायला मिळतं का रे?"

म्हणून आईला फोन लावला. आईला त्या दिवशीचं सगळं आठवतं. राग, बंदिश, बाईंच्या साडीचा काठ, तबलजी कुठे चुकला ते. मी विचारलं, आणि ती मागे तंबोऱ्यावर होती ती?

बराच वेळ काही बोलली नाही.

"ती व्हय," आई म्हणाली. "कोण होती की."